कामितोचीचं ॲव्हरेज

पेट्रोल वाचवल्याबद्दल आमच्या गावाला बक्षीस मिळालं आणि त्याच दिवशी माझा पंप बंद पडला, असं मी सांगत असते. तारखा पाहिल्या तर ते खरं नाही, मध्ये तीन आठवडे गेले. पण तीन आठवड्यांनी असा काय फरक पडतो? आणि हे मी माझ्या सोयीने सांगते आहे, हेही मला ठाऊक आहे.

कामितोचीत उंबरे शंभरेक, त्यातले तीस कुलूपबंद. राहिलेल्या घरांत माणसं कमी आणि गाड्या जास्त. सगळ्या चिमुकल्या, आमच्याकडे छोट्या गाड्यांना असते त्या पिवळ्या नंबरप्लेटच्या, कारण आमच्या बोळांत दुसरी गाडी वळतच नाही. दवाखाना, बाजार, बँक, सगळं खाली हिरासेला, चौतीस किलोमीटरवर. गावात उरला होता तो माझा पंप. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्याने चालवला, आणि तो गेल्यावर चौदा वर्षं मी एकटीने. पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल. हिवाळ्यात रॉकेलचीच धावपळ जास्त, घरं उबदार ठेवणारे स्टोव्ह त्यावरच चालतात. बर्फ पडायला लागलं की मी माझा छोटा टँकर घेऊन घरोघर रॉकेल पोचवायची, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्याकडे आधी जायची.

त्यात सगळ्यात आधी शिगेनो आजीकडे. वय अठ्ठ्याऐंशी, घर सगळ्यात वर, देवळाच्या मागे. आजीने उभ्या आयुष्यात गाडी चालवली नाही. मी गेले की ती दारात बसून माझ्यासाठी खारवलेला मुळा कापायची आणि म्हणायची, "यासुए-चान, दमलीस ना गं? बस जरा." त्रेसष्टाव्या वर्षी मला पोरीसारखं 'चान' म्हणणारं गावात एवढं एकच माणूस उरलं होतं. मीही बसायची. पुढच्या घराची घंटा वाजवायला मग उशीर व्हायचा, पण कुणी काही बोलायचं नाही.

गावातले लोक खाली हिरासेला पेट्रोल भरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिथे लिटरमागे आठ-नऊ येन कमी पडतात. आपल्या हाताने भरायचं, कुणी नमस्कार करायला नाही, काच पुसायला नाही. पण गावाची लाज होती. म्हणून खाली टाकी भरून आलेला माणूस आठ-दहा दिवसांनी माझ्याकडेही यायचा आणि म्हणायचा, "दहा लिटर टाका, यासुए-सान." कुणाचा काटा कुठे आहे हे बाहेरूनही कळतं. मी दहा लिटर टाकायची, काच पुसायची, रस्त्यापर्यंत जाऊन वाकून निरोप द्यायची. लाजेकाजेस्तव भरलेल्या त्या दहा-दहा लिटरांवर माझा पंप चालायचा. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. प्रेमाने किती लोक किती दिवस पेट्रोल भरणार? लाज जास्त टिकते.

मग नव्या गाड्या आल्या. सिग्नलला उभ्या राहिल्या की आपोआप बंद पडायच्या, उतारावर बॅटरी भरून घ्यायच्या, पत्रा तर इतका पातळ की पावसात आत बसलं की ताशा वाजतोय असं वाटायचं. लिटरला बावीस, तेवीस, पंचवीस. चांगली गोष्ट आहे. हवा चांगली राहते म्हणतात, आणि मला हवेशी काही वैर नाही. फक्त दहा दिवसांनी येणारा माणूस पंधरा दिवसांनी यायला लागला, एवढंच.

त्यातच अग्निशमन खात्याचं पत्र आलं. माझ्या जमिनीखालच्या तिन्ही टाक्या चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. आतून नवा थर द्या, नाहीतर वर्षअखेरीस बंद करा. तो खर्च मला पंप विकूनही झेपला नसता. मात्र नगर कार्यालयाकडून मोठा वाटा मिळू शकत होता, गावाला पंपाची गरज आहे असं दिसलं तर. गरज कशावरून दिसणार, तर शेवटच्या तीन महिन्यांच्या विक्रीवरून.

आमचे वस्तीप्रमुख साकाने-सान. वय बहात्तर, पूर्वी जंगल खात्यात होते. सरळ माणूस. बायको मिनेको-सान यांची मूत्रपिंडं गेलेली, त्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त शुद्ध करायला हिरासेच्या हॉस्पिटलात न्यायचे. पत्र आल्याचं कळलं तसे ते दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर आले.

"यासुए-सान, एक युक्ती सुचली आहे. जिल्ह्याची स्पर्धा आहे. कुठलं गाव गाडीला सगळ्यात कमी पेट्रोल वापरतं ती. सप्टेंबर ते नोव्हेंबर. आपण नाव देऊया."

"म्हणजे लोकांनी माझ्याकडून पेट्रोल कमी घ्यायचं. छान युक्ती आहे."

"ऐका तर आधी." ते हसत होते. "आपल्या गावापुरता नियम मी घातलाय. पेट्रोल धरायचं ते फक्त तुमच्या पंपावर भरलेलं. प्रत्येक गाडीला एक कार्ड. भरलं की तुम्ही लिटर आणि गाडीचे किलोमीटर लिहून शिक्का मारायचा. म्हणजे तीन महिने सगळं गाव तुमच्याकडे. खाली जाऊन भरलं तर कार्डावर काय दाखवणार?"

मला ते पटलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. वर घरी न्यायला दोन अंडीही दिली. आता आठवलं की मला स्वतःच्या डोक्याची कीव येते. शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. कमी लिटर लिहिले की नंबर वर. आणि लिटर लिहिणारी गावात मी एकटी. मग माझ्याकडे कोण भरेल?

पण पहिले दोन आठवडे खरोखर मजेत गेले. जिल्ह्याहून एक शिक्षक आला आणि त्याने पेट्रोल कसं वाचवायचं ते शिकवलं. पाच सेकंदांत वीसचा वेग, त्याहून घाई नाही. पुढे लाल दिवा दिसला की पाय काढून घ्या. डिकीतलं ओझं उतरवा. झालं, सगळं गाव गोगलगाईसारखं चालायला लागलं. मुख्य रस्त्यावर मागून येणारा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे जायचा. लोकांनी गाडीतले जॅक काढले, छत्र्या काढल्या, नातवंडांच्या खुर्च्या काढल्या. निवृत्त पोस्टमन कादोवाकी तर बायकोला म्हणाला, "तू बासष्ट किलो आहेस. तू बसने ये." ती माझ्याकडे येऊन रागारागाने सांगत होती, "स्वतः ऐंशी किलोचा आहे, तो नाही उतरत खाली!" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

ऑक्टोबर लागला आणि पंपावर कुणी येईना.

पहिल्यांदा मला वाटलं, शिक्षकाची करामत. मग मी कार्डं पाहिली. माझ्याकडे प्रत्येक कार्डाची दुसरी प्रत असायची. कादोवाकी महिन्यात एकदा आला. काटा पाऊण टाकीवर, आणि मला म्हणाला, "पाचच टाका." मी नोझल लावलं. तो आकड्यांकडे असा बघत होता की जणू मी त्याचं रक्त काढते आहे. साडेचारवर म्हणाला, "बास, बास!" पूर्वी लाजेकाजेस्तव दहा लिटर घ्यायचा, आता लाज उलटी फिरली होती. माझ्याकडे भरलेल्या प्रत्येक लिटरने त्याचा नंबर खाली जात होता. जो तो खाली हिरासेला गपचूप टाकी भरून यायचा आणि माझ्याकडे थेंबभर घेऊन शिक्का मारून न्यायचा. कुणी कुणाला विचारत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच असं करतो आहोत, बाकीचे प्रामाणिक आहेत, तेव्हा आपण मागे पडायला नको.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. मला जीभ आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुणाला ओरडणार? समोर उभं राहून "तू खोटं बोलतोस" म्हणायचं, आणि उद्या त्याच माणसाशेजारी देवळाचं अंगण झाडायचं? मी शिक्के मारत राहिले.

नोव्हेंबर संपला. नगर कार्यालयाचा फुकुमा नावाचा तरुण सगळी कार्डं घेऊन आला. गोड पोरगा, सतत मान हलवणारा. मी प्रत्येक कार्डाखाली सही-शिक्का द्यायचा होता, की एवढे एवढे लिटर माझ्या पंपावरून गेले.

"क्वामोतो-सान, विश्वास बसत नाही हो!" तो मला आडनावाने हाक मारत म्हणाला. "कादोवाकी-सानची गाडी तीन महिन्यांत अकराशे छत्तीस किलोमीटर चालली, आणि सोळा लिटर! लिटरला एकाहत्तर!"

"ती पेट्रोलवर चालतच नाही," मी म्हटलं. "आशीर्वादावर चालते."

तो खदाखदा हसला. त्याला खरंच वाटत होतं की मी कौतुक करते आहे. दुसऱ्या नंबरवर साकाने-सान, पंचेचाळीस. टोफूवाला निशिओ बिचारा सगळं पेट्रोल माझ्याकडेच भरायचा. तो एकवीसवर, शेवटून पहिला. सभेत त्याला सांगणार होते म्हणे, की गाडीची नीट तपासणी करून घ्या.

मी फुकुमाला म्हटलं, "दोन दिवस ठेवा. शिक्का सापडत नाही." शिक्का खिशात होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास साकाने-सान आले. हातात वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ. बसले. हवेबद्दल बोलले, रानडुकरांबद्दल बोलले, यंदा बर्फ लवकर पडेल म्हणाले. मी चहा ओतला. अर्धा तास झाला तरी माळेचं कारण बाहेर येईना, आणि माझा धीर तेवढा नाही.

"साकाने-सान, तुम्ही मिनेको-सानना आठवड्यातून तीनदा नेता. तीन महिन्यांत सव्वीसशेच्या वर किलोमीटर. माझ्याकडे तुमची गाडी साठ लिटर प्यायली. राहिलेलं कुठे प्यायली?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"हॉस्पिटलच्या समोरच आहे हो तो पंप," ते म्हणाले. "तिला चार तास लागतात. मी काय करू चार तास? पहिल्यांदा नुसतंच भरलं. कार्डाचं डोक्यातच नव्हतं. मग पहिल्या महिन्याचा तक्ता आला आणि माझं नाव वर. तेव्हा सांगायचं राहून गेलं. मग राहूनच गेलं."

"मग आता सांगा."

"मी सांगेन." मान वर न करता ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर मी आज उभा राहून सांगेन. पण मी सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल. शहाण्णव गाड्या आहेत, यासुए-सान. कादोवाकीने मुलाला फोन करून सांगितलंय, पहिला आलो म्हणून. पाच वर्षांत पहिल्यांदा फोन केला त्याने मुलाला."

"आणि माझ्या टाक्या? ह्याच तीन महिन्यांच्या विक्रीवर ठरणार आहे ते."

"ते खातं वेगळं. ते पर्यावरणवाले, टाक्यांचं म्हणजे दुसरं टेबल. ह्यांचं त्यांना कळत नाही. आणि टाक्यांचं निघेल तेव्हा मी बोलेन की. सगळं गाव बोलेल. नियम मी तुमच्यासाठीच घातला होता ना?"

होता. त्यांनी तो माझ्यासाठीच घातला होता, आणि त्यामुळेच मला त्यांच्यावर नीट चिडताही येईना. आजारी बायको, वाकलेली पाठ, आणि समोर ती पर्सिमनची माळ. मला वाटलं, वेळ आली की एकजण तरी बोलेल. मी शिक्का मारला. शहाण्णव वेळा. त्यात माझं एकही अक्षर खोटं नव्हतं. जेवढं ओतलं तेवढंच लिहिलेलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी समाजमंदिरात सभा भरली. संत्री, चहा, मध्ये स्टोव्ह. सगळे आले होते. शिगेनो आजीलाही निशिओने गाडीतून आणलं होतं. ती पुढे बसली होती आणि कानाला हात लावून ऐकत होती. फुकुमाने प्रशस्तिपत्र वाचलं. जिल्ह्यात सगळ्यात कमी पेट्रोल वापरणारं गाव, कामितोची. वेशीवर फलक लागणार. मग एकेकाचे आकडे वाचले. कादोवाकी-सान, लिटरला एकाहत्तर. टाळ्या. आजीने तर दोन्ही हात जोडले आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "काय काळ आला बघ. थेंबावर चालतात गाड्या!"

मग फुकुमाने त्याच पिशवीतून दुसरी फाईल काढली.

मी साकाने-सानकडे पाहिलं. ते चटईकडे पाहत होते.

"दुसरा विषय क्वामोतो-सानच्या टाक्यांचा," फुकुमा म्हणाला. कार्यालय छोटं आहे, दोन्ही टेबलं त्याचीच. "गावाची पेट्रोलची मागणी गेल्या वर्षीपेक्षा साठ टक्क्यांनी कमी झाली आहे. हे अपयश नाही, हे तुमचं यश आहे! तेव्हा इतका खर्च करण्याची गरज आता उरलेली नाही, असं कार्यालयाचं मत आहे. क्वामोतो-साननी इतकी वर्षं सेवा केली, त्यांचे मनापासून आभार. कुणाला काही म्हणायचंय का?"

कुणीही काही म्हटलं नाही.

आमच्याकडे सभेत गप्प राहिलं की ठराव पास होतो. स्टोव्हवरची किटली तेवढी वाजत होती. साकाने-साननी एकदा मान वर केली, तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की ते माझी वाट पाहताहेत. मी बोलले की ते बोलतील. कादोवाकी माझ्याकडे पाहत होता. निशिओ पाहत होता, त्याला बहुधा अंदाज आला होता. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, आणि मी त्यांच्याकडे. पंप माझा, मीच काय म्हणून मागू? तुम्ही म्हणा ना, की लागतो! एकदा तरी म्हणा! मला इतका राग आला होता की बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. मी संत्रं सोलत बसले.

"मग रॉकेल कोण आणणार?" शिगेनो आजीने मोठ्याने विचारलं.

सगळे हसले. चांगल्या मनानेच हसले. सुटल्यासारखे हसले.

"आम्ही आणू, आजी!" कादोवाकी म्हणाला. "पाळ्या लावू. आठवड्याला एक कॅन, पाळीपाळीने. तुम्ही काळजीच करू नका."

"अहो पण इतक्या लांबून, माझ्यासाठी..."

"त्यात काय एवढं!"

तिथल्या तिथे कागदावर पाळ्या लावल्या गेल्या. माझ्या टाक्यांसाठी एक शब्द न काढणाऱ्या माणसांनी पाच मिनिटांत आठ आठवड्यांच्या पाळ्या लावल्या. माझंही नाव घालत होते. मी म्हटलं, "मला नको. मी आता निवृत्त आहे." सरळ सांगते, त्या पाळ्या मोडाव्यात अशी माझी इच्छा होती. बर्फात चारदा घसरले की कळेल, असं मला वाटत होतं. आणि जानेवारीभर मी देवळामागच्या वाटेने गेले नाही. आजीकडे गेले असते तर तिने विचारलं असतं, यासुए-चान, तू का नाही बोललीस?

एकोणतीस डिसेंबरला पंप बंद केला. टाक्यांत वाळू भरली. टँकर विकून टाकला. त्या दिवशी बरेचजण भेटीचे खोके घेऊन आले, वाकले, डोळे पुसले. खोट्याने पुसले नाहीत, त्यांना वाईट वाटतच होतं. मला वाटतं, खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाळ्या मोडल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल हे सांगायलाच हवं. दर आठवड्याला कुणीतरी निळा अठरा लिटरचा कॅन घेऊन आजीच्या दाराशी जायचं. पण आजी काय करायची, तर दारातच हात जोडून म्हणायची, "अहो, गेल्या वेळचा अजून तसाच आहे. फार होतंय मला. पुढच्या आठवड्यात राहू द्या." आणलेला कॅन ठेवून लोक परत फिरायचे. बाहेर येऊन म्हणायचे, आजीला फार लागत नाही, काटक आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घरोघर फिरणारी सरकारी परिचारिका सहज डोकावली तेव्हा आजी तीन कोट घालून अंथरुणात बसली होती. स्टोव्ह गार. तोंडातून वाफ निघत होती. पायांची आणि हातांची बोटं थंडीने सुजून तांबडी-जांभळी झालेली. आणि दारामागे दोन कॅन भरलेले, टोपणही न उघडलेले. पुढच्या माणसाला "आहे, पुष्कळ आहे" असं सांगता यावं म्हणून तिने ते राखून ठेवले होते. सांगायचं ते खोटं नको, म्हणून.

तिचा भाचा हिरासेला असतो. त्याने तिथल्या वृद्धाश्रमात जागा पाहिली. शुक्रवारी न्यायचं ठरलं, कारण साकाने-सान मिनेको-सानना घेऊन शुक्रवारी जातातच. मीही गाडीत बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. आजी मागे माझ्याशेजारी, मांडीवर दोन गाठोडी. जॅक आणि खुर्च्या काढलेल्या त्या हलक्या गाडीत आम्ही चौघं. वाटभर आजीने माझा हात हातात धरला होता. तिची बोटं भाकरीच्या फुगलेल्या पापुद्र्यासारखी लागत होती, आणि मी ती नीट धरतही नव्हते, दुखतील म्हणून. वेशीवरचा नवा फलक तिने मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "छान केलाय."

मिनेको-सानना हॉस्पिटलात सोडलं. साकाने-सान परत गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि समोरचा दिवा पेटला. टाकी रिकामी. आश्रम हिरासेच्या पार दुसऱ्या टोकाला, अजून बारा किलोमीटर.

"भरावं लागेल," ते म्हणाले. आरशात माझ्याकडे पाहिलं नाही.

समोरच्या पंपावर शुक्रवारी पेट्रोल आणखी दोन येनने स्वस्त असतं. आत शिरलो तर रांग. पहिली गाडी कादोवाकीची. तो नोझल धरून उभा होता. त्याच्या पलीकडे निशिओ. मागे आमच्या गावच्या आणखी तीन गाड्या. एकमेकांशी गप्पा मारत होते, हसत होते. इतकी वर्षं, निशिओ सोडला तर, हे सगळे इथे वेगवेगळ्या वेळी, मान चुकवून यायचे. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पंपच नाही म्हटल्यावर कुणाची लाज? किती मोकळे दिसत होते! माझा पंप गेला त्याचं मला तेव्हा जेवढं लागलं तेवढं वाळू भरताना लागलं नव्हतं.

आजी काचेला नाक लावून पाहत होती.

"कादोवाकी-सान ना ते? आणि तो निशिओ! यासुए-चान, हे सगळे इथे काय करताहेत गं?"

"पेट्रोल भरताहेत, आजी."

"सगळे?"

"सगळे. दर आठवड्याला येतात."

आजी गोंधळली. "पण त्यांच्या गाड्यांना तर लागतच नाही ना? त्या साहेबांनी सभेत वाचलं की. एका लिटरला सत्तर किलोमीटर. मी म्हटलं, ह्यांना आता महिनोन्‌महिने खाली उतरायलाच नको. आणि माझ्या एका कॅनसाठी बिचाऱ्यांना मुद्दाम यावं लागतंय, एवढ्या बर्फातून, जायला चौतीस आणि यायला चौतीस." तिने मांडीवरची गाठोडी सारखी केली. "म्हणून मी आपली जपून वापरत होते."

साकाने-सानचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"ते आकडे खरे नव्हते, आजी," मी म्हटलं. "सगळे इथेच भरायचे. मला माहीत होतं. सभेत मी गप्प बसले."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग समोर, साकाने-सानच्या पाठीकडे. तिला सगळं कळलं की नाही, कोण जाणे. मला वाटतं, कळलं.

"असू दे," ती म्हणाली. "यंदा तशी फार थंडी नव्हतीच."

मग तिने त्या सुजलेल्या बोटांनी काच खाली करायचं बटण शोधलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा दाबलं गेलं. कादोवाकीने आम्हाला पाहिलं आणि नोझल हातात तसंच धरून वाकून नमस्कार केला. आजीही बसल्या बसल्या जमेल तेवढी वाकली.

"रॉकेलबद्दल आभारी आहे हं," ती म्हणाली. "फार त्रास दिला तुम्हा सगळ्यांना."